पाकिटासाठी भांडण्याआधी वजन मागा : कोयत्यावर निघालेली बहीण, भाचा आणि अंगणवाडी

केज तालुक्यातल्या एका भावाने विचारलं आहे. त्यांची बहीण धारूरच्या बाजूला दिलेली. नवरा-बायको दरवर्षी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात, यंदा कर्नाटकात जाणार. थोरला मुलगा १८ महिन्यांचा, वजन ८ किलो. बहिणीला पाचवा महिना लागलाय, हिमोग्लोबिन ८.९. गेल्या हंगामात उसाच्या फडाजवळच्या गावातल्या अंगणवाडीताईंनी "तुमचं नाव तुमच्या गावाला, इथं काही मिळत नसतं" म्हणून परत पाठवलं. गावाकडच्या रजिस्टरात नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा. अंगणवाडीतून घरपोच आहाराची जी पाकिटं मिळाली होती ती सासूने शेळीला घातली. रेशन कार्ड केशरी आहे, पिवळं नाही. हक्काचा आहार कुठे मागायचा, आणि नाही दिला तर तक्रार कुणाकडे करायची, असा त्यांचा प्रश्न आहे.

भाऊ, मी ३१ वर्षं याच कामात होते. आधी सेविका, मग पर्यवेक्षिका. निवृत्त झाले तरी गावात कुणाचं लेकरू दिसलं की हात आधी त्याच्या दंडाकडे जातो. तुमचा प्रश्न पाकिटाचा वाटतो, पण मला त्यात पाकिटाहून मोठी गोष्ट दिसते. ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, म्हणजे वर्षातले जवळपास सहा महिने, तुमच्या भाच्याला कुणी काट्यावर घालतच नाही. गावाकडच्या ताईंच्या लेखी तो बाहेरगावी, तिकडच्या ताईंच्या लेखी परका. आहार नाही मिळाला तर निदान घरात कळतं की मिळाला नाही. वजन नाही झालं तर काय बिघडलं हे कुणालाच कळत नाही. माझं म्हणणं एवढंच, की आधी वजनासाठी भांडा. आहार त्याच्या मागून येतो.

आधी हक्काचं बोलू, कारण कार्डाच्या रंगावरून घरोघरी गैरसमज आहेत. अंगणवाडीच्या आहाराचा पिवळ्या-केशरी कार्डाशी काहीही संबंध नाही. दारिद्र्यरेषेची अट या योजनेला लावायची नाही असं सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशातच सांगितलेलं आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात सहा महिने ते सहा वर्षांचं मूल, गरोदर बाई आणि बाळंतीण (बाळंतपणानंतर सहा महिने) यांना मोफत आहार हा हक्क म्हणून लिहिला आहे. कितवं अपत्य हेसुद्धा आहारासाठी बघायचं नसतं. कायद्यात शब्द आहे 'स्थानिक अंगणवाडी'. ती सासरची, माहेरची की मतदार यादीतल्या गावची, असं त्यात कुठेही नाही. बाई आणि लेकरू आज जिथे राहतात तिथली ती स्थानिक. फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहत असतील तर त्या शिवारातली.

आता हा हक्क केवढा आहे तेही माहीत असू द्या. २०१३ च्या कायद्यात धरलेलं प्रमाण असं : तीन वर्षांखालच्या मुलाला दिवसाला ५०० कॅलरीचा घरपोच आहार, गरोदर आणि स्तनदा मातेला ६००, तीव्र कुपोषित मुलाला ८००. त्यासाठी २०१७ साली ठरलेले दर होते मुलामागे दिवसाला ८ रुपये, मातेमागे ९ रुपये ५० पैसे आणि तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये. महिन्याचे २५ दिवस धरले तर मुलाचे २०० रुपये झाले. दीड वर्षाच्या लेकराला दिवसाला हजार-अकराशे कॅलरी लागतात. म्हणजे सरकारी आहार पुरा पोटात गेला तरी निम्मी भूक घरानेच भागवायची आहे. याला 'पूरक' आहार म्हणतात ते उगीच नाही. म्हणून आम्ही कधी आईला "पाकीट घेऊन जा, लेकरू सुधारंल" असं म्हटलं असेल तर ते अर्धं खोटं होतं.

'स्थलांतरित' या शेऱ्याबद्दल मला माझंच सांगायचं आहे. पर्यवेक्षिका होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांच्या गावांत, दसऱ्यानंतर निम्म्या वाड्या-तांड्यांना कुलपं लागायची. महिन्याच्या अहवालात 'वजन न घेतलेली बालके' हा आकडा वाढला की बैठकीत उभं करायचे. मग मी सेविकांना सरळ सांगायचे, गेलेल्यांच्या नावापुढे शेरा मारा आणि एकूण संख्येतूनच वजा करा. अहवाल चकचकीत. एका हंगामात दोन वर्षांची एक मुलगी ऑक्टोबरमध्ये ८ किलो ९०० ग्रॅमची गेली. पाडव्यानंतर ट्रक गावात आला तेव्हा आईने तिला कडेवरून उतरवलं, तर ती उभी राहीना, खालीच बसली. चेहरा गोल दिसत होता, म्हणून सेविका म्हणाली, "तिकडं चांगली सुधारली की हो." मी दोन्ही पावलांवर अंगठे दाबून धरले, तीन आकडे मोजले आणि सोडले. दोन्ही पावलांवर खळगे पडले ते पडलेच, भरून येईनात. काट्यावर ८ किलो १००, तेही सुजेचं पाणी धरून. सहा महिने माझ्या अहवालात ती मुलगी कुठेच नव्हती, ना चांगल्यात ना वाईटात. दवाखान्यात सोळा दिवस काढून ती वाचली. दोष त्या सेविकेचा नव्हता. शेरा मारायला मीच सांगितलं होतं.

याच सुमाराला, २००५ मध्ये, राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं आणि त्याचं कार्यालय मुंबई-पुण्यात नव्हे तर औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला थाटलं. त्याचे पहिले महासंचालक व्ही. रमणी. त्या काळात आम्हाला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं, की वाईट आकडा दाखवलात म्हणून शिक्षा होणार नाही, प्रत्येक लेकराचं वजन घ्या आणि खरं लिहा. ऐकायला साधं वाटतं. पण तोवर तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतलं, म्हणजे जास्त कुपोषित, मूल दाखवणं म्हणजे स्वतःवर नोटीस ओढवून घेणं, अशीच आमची समजूत होती. पुढे २०१२ च्या राज्यव्यापी पोषण पाहणीत दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण बरंच उतरलेलं दिसलं. सगळं श्रेय वजनकाट्याला द्यावं असं मी म्हणणार नाही. पण पुढे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आणि २५ हून जास्त मुलांचं वजन उंचीच्या मानाने कमी निघालं. काम संपलेलं नाही एवढं त्यातून कळतं.

तुमच्या भाच्याकडे वळते. १८ महिन्यांच्या मुलग्याचं मधलं वजन १० किलो ९०० असतं. ८ किलो ८०० च्या खाली गेला की कमी वजन, ७ किलो ८०० च्या खाली गेला की तीव्र कमी वजन. तुमचा भाचा या दोन रेषांच्या मध्ये आहे, आणि खालच्या रेषेपासून फक्त २०० ग्रॅम वर. आठ दिवसांची एक हगवण त्याला खाली न्यायला पुरे. पण नुसत्या वजनावरून निर्णय करू नका. हे लेकरू मुळात बुटकं राहिलंय, की उंचीच्या मानाने वाळलंय, हे बघावं लागतं. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी निजवून मोजतात, उभं करून नाही. या वयात मधली लांबी ८२ सेंटिमीटरच्या आसपास, ७६.९ च्या खाली असेल तर खुरटलेला. आणि दंडघेर मोजायचा, डाव्या दंडाच्या मधोमध. ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर तो सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित. ११.५ ते १२.५ च्या मध्ये मॅम, म्हणजे मध्यम. पट्टी अंगणवाडीत असते, आशाताईंकडेही असते. लाल, पिवळा, हिरवा असे रंगच त्यावर असल्यामुळे अक्षर न येणाऱ्या आजीलाही कळतं.

काट्यावर घालताना करदोडा, कमरेचा ताईत, पायातले वाळे, स्वेटर सगळं काढायला लावा. आमच्याकडे वाळ्यांसकट वजन घेऊन २०० ग्रॅम वाढ दाखवल्याचे प्रकार मी पाहिलेत, आणि तुमच्या भाच्याच्या बाबतीत सगळा खेळच २०० ग्रॅमचा आहे. बहिणीची सासू कदाचित म्हणेल, "काट्यात नका घालू, लेकराला नजर लागती." वाद घालू नका. गालाला तीट लावा आणि घाला. या वयात महिन्याला साधारण २०० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. लागोपाठ दोन महिने काटा हलला नाही तर आकडा कुठल्याही रंगात असो, ते लेकरू धोक्यात आहे असं मी धरते.

तो सॅम निघाला तर पुढचा रस्ता ठरलेला आहे. भूक आहे का ते खाऊ घालून बघतात, पायावर सूज, ताप, उलट्या-जुलाब बघतात. भूक नसेल किंवा सूज असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात, आम्ही एनआरसी म्हणतो, साधारण १४ दिवस भरती. आईला सोबत राहता येतं आणि बुडालेल्या मजुरीचे काही पैसे मिळतात. भूक चांगली असेल, आजार नसेल तर गावातल्या ग्राम बालविकास केंद्रात, म्हणजे अंगणवाडीतच, दिवसातून अनेकदा थोडं थोडं खाऊ घालतात. आणि इथेच तुमची अडचण आहे. हे केंद्र महिनाभर चालतं आणि ट्रक काही तेवढा थांबणार नाही. आज वजन करून घ्या म्हणते ते यासाठी. दसऱ्याच्या आधी कळलं तर काही करता येतं, ट्रकमध्ये बसल्यावर कळलं तर काही नाही.

आता तो मॅमच निघाला असं धरून फडावरचं बोलू. पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या थापायच्या, अंधारात फडात जायचं, लेकरू गाडीच्या सावलीला नाहीतर बांधावरच्या झोळीत. सांभाळायला आठ वर्षांची कुणाची तरी पोरगी. आई मोळ्या वाहून थकते आणि लेकरू दुपारपर्यंत भाकरीचा एक तुकडा चोखत बसतं. इथे "दिवसातून पाच वेळा ताजं खायला द्या" असा सल्ला देणाऱ्याने कोपी बघितलेली नसते. मी आयांना एकच गोष्ट करायला लावायचे. निघण्याआधी घरीच पीठ करून न्यायचं. चार वाट्या ज्वारी किंवा गहू, दोन वाट्या हरभऱ्याची किंवा मुगाची डाळ, एक वाटी शेंगदाणे, सगळं वेगवेगळं खमंग भाजून दळायचं. घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा-वीस दिवस सहज टिकतं. फडात जाताना एका डबीत हे पीठ आणि गूळ, दुसऱ्यात उकळून गार केलेलं पाणी. सांभाळणाऱ्या पोरीलाही कालवून भरवता येतं. त्यात चमचाभर तेल घातलं की ४५ कॅलरी वाढल्या आणि पोट मात्र जास्त भरलं नाही. लेकराचं पोट मुठीएवढं असतं, म्हणून त्याला पातळ वरणाचं पाणी पाजून उपयोग नसतो. घास चमच्यावरून ओघळणार नाही इतका दाट हवा. जमेल त्या दिवशी उकडलेलं अंडं. कारखान्याजवळच्या बाजारात अंडी मिळतातच, आणि वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेल्या पैशातून आठवड्याला चार-सहा घेता येतात.

बहीण अजून अंगावर पाजत असेल तर "पोटुशीचं दूध लेकराला बाधतं" म्हणून एकदम तोडायला लावतील. दूध बाधत नाही. आधी गर्भपात झालेला असेल, अंगावरून रक्त जात असेल किंवा कळा येत असतील तर डॉक्टरांना विचारून थांबवा. एरवी हळूहळू कमी करा. एकदम तोडलं आणि त्या जागी बिस्किट-चहा आला, की महिनाभरात काटा खाली गेलाच समजा. जुलाब झाले तर ओआरएस आणि सोबत झिंकची गोळी १४ दिवस. जुलाब तीन दिवसांत थांबले तरी गोळी थांबवायची नाही. दोन्ही आशाताईंकडून निघतानाच मागून घ्या.

शेळीचं काय? सासूवर रागावू नका. मी स्वतः पाकिटातलं ते मिश्रण शिजवून खाल्लंय. नुसतं पाण्यात शिजवलं की गुठळ्या होतात, वास येतो आणि मूल थुंकून देतं. करोनाच्या काळात कोरडा शिधा यायचा, गहू-तांदूळ, डाळी, हळद-तिखट, तेव्हा शेळीचा प्रश्न नव्हता. पण ती डाळ सगळ्या घराच्या वरणात जायची आणि लेकराच्या वाट्याला दोन घास. दोन्हींत खोट आहे. घरात रुळलेला उपाय सांगते. तिखट मिश्रण असेल तर धपाट्याच्या पिठात मूठभर मिसळा, वरून तीळ, तव्यावर जरा सढळ तेल. गोड असेल तर कढईत थोड्या तेलात खरपूस भाजून मग गुळाच्या पाण्यात शिजवा. आणि लेकराचं पाकीट वेगळ्या डब्यात, त्याच्या नावाने ठेवा. घरात वेगळा डबा दिसला की मोठी माणसं त्याला सहसा हात लावत नाहीत. शेळीसुद्धा लावत नाही.

आता बहिणीचं. पाचवा महिना दसऱ्याच्या सुमाराला, म्हणजे बाळंतपण फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन हंगामात. हिमोग्लोबिन ७ ते ९.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय. यात लोहाच्या गोळ्या दिवसाला एक नाही, दोन घ्यायच्या असतात. चहासोबत नाही, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नाही, दोन तासांचं अंतर ठेवून. शौचाला काळं होतं, मळमळतं, म्हणून बाया गोळ्या उशाखाली साठवतात. जेवणानंतर, रात्री झोपताना घेतली तर सोसते. महिन्याने रक्त पुन्हा तपासायचं आणि वाढलं नसेल तर डॉक्टर शिरेतून लोह देतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, ती देशभर आहे. कर्नाटकातही चालते. भाषा येत नसली तरी माता-बाल संरक्षण कार्ड पुढे केलं की तिथल्या नर्सबाईंना आकडे कळतात. ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बहिणीच्याच जवळ राहू द्या, मुकादमाच्या (मजुरांची टोळी नेणाऱ्याच्या) किंवा नवऱ्याच्या खिशात नको.

कर्नाटकातल्या अंगणवाड्यांत २०१७ पासून गरोदर आणि स्तनदा मातांना दुपारी गरम जेवण देण्याची योजना आहे, मातृपूर्णा नावाची. फडात असलेल्या बाईला भर दुपारी तिथे पोचणं अवघड, हे मला कळतं. पण शेवटच्या महिन्यांत ती कोपीवर थांबणार असेल तर जवळची अंगणवाडी किती लांब आहे हे पोचल्याच्या पहिल्या आठवड्यातच बघून ठेवा.

तिने जावं की नाही, हे मी ठरवू शकत नाही. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे, किती घेतलीय, ती कुणी घेतली, अर्धा कोयता (नवरा-बायकोच्या जोडीतलं एक माणूस) मोडला तर फिटणार कशी, मुकादम कसा आहे, माहेरी तिला आणि लेकराला ठेवून घेण्याची तुमची ऐपत आहे का, यावर ते ठरतं. मला विचाराल तर ८.९ रक्तावर आणि पाचव्या महिन्यात डोक्यावर मोळी नको. निदान सातव्या महिन्यानंतर तिने माहेरी यावं आणि लेकराला सोबत आणावं. पण "जाऊच नका" असा सल्ला देऊन मोकळी होणारी मी नाही. उचल फेडायला मी येणार नाही ना. ती गेलीच, तर मोळी उचलायची नाही, वाढे बांधायची किंवा ऊस साळायचा (पाला काढायचा), एवढं तरी निघायच्या आधी मुकादमासमोर बोलून घ्या.

पैशाचं थोडक्यात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. दुसऱ्या अपत्याला मुलगी झाली तरच ६,००० एकरकमी. बहिणीने पहिल्या वेळी अर्ज केला होता का आणि दोन्ही हप्ते आले का ते बघा. पिवळं कार्ड नसलं तरी ई-श्रम कार्ड किंवा आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला चालतो. आशाताईंना विचारा.

निघण्याआधीच्या आठवड्याचा क्रम असा ठेवा. अंगणवाडीत जाऊन भाच्याचं वजन, लांबी, दंडघेर करून घ्या आणि तारखेसह कार्डावर लिहून मागा. त्या पानाचा फोटो तुमच्या मोबाइलमध्येही असू द्या. मग ताईंना सांगा, की 'स्थलांतरित' शेरा मारून नाव सोडू नका, पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी अ‍ॅपमध्ये) नाव दुसऱ्या अंगणवाडीत वर्ग करण्याची सोय आहे, ती दुसऱ्या राज्यातही चालते. पोचल्यावर गावाचं नाव फोनवर कळवायचं आणि तिकडच्या ताईंनी नाव घेतलं का हे आठवड्याने पुन्हा विचारायचं. हा पाठपुरावा तुम्ही भाऊ म्हणून करा, बहिणीला फडातून जमणार नाही. जुलै २०२५ पासून घरपोच आहार घेताना चेहरा पडताळावा लागतो आणि त्याआधी आधारची ई-केवायसी. आपल्याकडे हमखास घोटाळा असा, की आधारवर नाव माहेरचं, रेशन कार्डावर सासरचं, आणि ओटीपी जातो नवऱ्याच्या जुन्या बंद नंबरवर. हे सगळं गावात असतानाच दुरुस्त करा. लेकराचं आधार नसलं तरी आईच्या आधारवर चालतं, त्यासाठी कुणी अडवलं तर ऐकू नका. रेशनचं धान्यही दुसऱ्या राज्यात अंगठ्यावर उचलता येतं. कार्ड अन्नसुरक्षा यादीतलं असलं पाहिजे एवढंच. केशरी कार्डांतही यादीतली बरीच असतात, दुकानदाराकडे बघून घ्या.

तक्रारीचं शेवटी ठेवलं, कारण सुरुवात तिथून केली की काम अडतं. तिकडच्या ताईंनी नाही म्हटलं तर त्यांच्याशी तंटा करू नका. त्यांच्याकडे येणारा साठा नोंदलेल्या संख्येवर येतो, नोंद नसलेल्याला दिला तर त्यांच्या हिशेबात तूट दिसते. म्हणून म्हणायचं, "आज आहार नको, आधी नाव घ्या आणि लेकराचं वजन करा." वजनाला साठा लागत नाही, त्यामुळे नाही म्हणायला कारण उरत नाही. एकदा वजन रजिस्टरात चढलं की ते लेकरू त्यांचं झालं, आणि दंड पिवळ्यात आलेला मुलगा आपल्या यादीत असताना त्याला आहार न देणं कुठल्याही ताईला जड जातं. तरीही नाहीच झालं तर पर्यवेक्षिका, मग तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकारी. आपल्या गावच्या अंगणवाडीबद्दल असेल तर त्यानंतर जिल्हा परिषदेचा महिला व बालविकास विभाग. अर्ज दोन प्रतींत, एकीवर पोच घ्यायची. अन्नसुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोगही आहेत. आहार दिला नाही तर भत्ता देण्याचं कलमही आहे. ३१ वर्षांत तो भत्ता कुणाच्या हातात पडलेला मी पाहिला नाही, पण अर्जात त्या कलमाचा उल्लेख करा, कागद जरा लवकर हलतो.

तुम्ही वजन लिहिलंय, पण लांबी आणि दंडघेर लिहिलेला नाही. उद्या-परवा करून घ्या आणि तारखेसह इथेच टाका, सोबत ट्रक कधी निघतोय तेही. दंड पिवळ्यात आहे की लालमध्ये हे कळलं की पुढचं बोलू. आणि लालमध्ये निघाला तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.